‘कॉन्टॅक्ट’ आणि परग्रह-संपर्काच्या चित्रपटांतील विज्ञान व श्रद्धा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूचना : खालील उत्तरांत ‘कॉन्टॅक्ट’चा शेवट उघड केलेला आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा आणि मगच पुढे वाचावे. वादाचा सगळा जीव त्या शेवटातच असल्यामुळे तो झाकून ठेवून लिहिणे शक्य झाले नाही.

विज्ञान आणि श्रद्धेचा विषय निघाला की ‘कॉन्टॅक्ट’चेच नाव आधी का घेतले जाते?

परग्रहवासीयांवरील बहुतेक चित्रपटांत धर्म तोंडी लावण्यापुरता येतो. यान उतरते, चर्चच्या घंटा वाजतात, गर्दीतली एखादी वृद्धा हात जोडते आणि कॅमेरा पुन्हा लष्कराकडे वळतो. ‘कॉन्टॅक्ट’मध्ये मात्र हा वाद कथेचा कणा आहे, आणि तो वाद घालणारी माणसे एकमेकांवर प्रेम करणारी आहेत.

या कथेचा प्रवासही वेगळा आहे. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि अ‍ॅन ड्रुयान यांनी १९८०च्या सुमारास ती प्रथम चित्रपटासाठीच लिहिली. चित्रपट रखडला, तेव्हा सेगन यांनी तिची कादंबरी केली आणि ती १९८५ साली प्रसिद्ध झाली. रॉबर्ट झेमेकिस यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट ११ जुलै १९९७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला, पण तो पाहायला सेगन नव्हते. चित्रपटाचे काम चालू असतानाच, २० डिसेंबर १९९६ रोजी, वयाच्या ६२व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते. चित्रपटाच्या शेवटी ‘कार्लसाठी’ एवढीच अर्पणपत्रिका आहे.

कथानक थोडक्यात काय आहे?

एली अ‍ॅरोवे (जोडी फॉस्टर) ही रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ आकाशातून येणारे रेडिओ संकेत तपासत वर्षे काढते. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील ‘व्हेरी लार्ज अ‍ॅरे’ या दुर्बीण-समूहावर तिला एके दिवशी ठोके ऐकू येतात : दोन, तीन, पाच, सात, अकरा, अशा थेट १०१पर्यंतच्या मूळ संख्या. संकेत येत असतो वेगा ताऱ्याकडून, म्हणजे आपल्या पंचांगाला परिचित असलेल्या अभिजितकडून. संकेतात एका यंत्राचे आराखडे दडलेले निघतात. यंत्रात एकाच माणसाला बसता येणार असते, त्यामुळे मानवजातीचा प्रतिनिधी कोण, हा प्रश्न उभा राहतो. पहिले यंत्र एक धर्मांध माणूस स्फोटाने उडवतो. जपानमधील होक्काइडो येथे गुपचूप बांधलेल्या दुसऱ्या यंत्रातून एली जाते. तिच्या लेखी ती सुमारे अठरा तास दूरच्या विश्वात असते आणि तिथे मृत वडिलांचे रूप घेतलेल्या कोणाशी तरी एका समुद्रकिनाऱ्यावर बोलते. पृथ्वीवरील सर्व कॅमेऱ्यांनी मात्र एवढेच टिपलेले असते, की ती बसलेली कुपी क्षणार्धात यंत्रातून सरळ खाली पाण्यात पडली. तिच्यापाशी एकही पुरावा नसतो.

एली धर्मापासून दुरावते कशामुळे?

चित्रपट याचे उत्तर एका लहानशा प्रसंगात देतो. एली नऊ वर्षांची असताना तिचे वडील हृदयविकाराच्या झटक्याने जातात. औषध वरच्या मजल्यावर असते. ते आणायला ती जिन्यावरून धावत जाते, पण वेळ टळून गेलेली असते. नंतर घरी जमलेल्या लोकांतून धर्मगुरू तिच्याजवळ येतात आणि काही गोष्टींची कारणे आपल्याला कळत नाहीत, ती देवाची इच्छा मानावी लागते, अशा अर्थाचे सांत्वन करतात. ती मुलगी त्यांच्याकडे पाहून म्हणते, की औषधाची एक बाटली खालच्या न्हाणीघरातही ठेवायला हवी होती.

तिचा सारा स्वभाव या एका वाक्यात आहे. देव नाही, असे ती म्हणत नाही. ती फक्त टाळता येण्याजोगी चूक दाखवते. हे वाक्य थंड वाटते, अशी तक्रार अनेक प्रेक्षक करतात, पण माझ्या मते त्यात थंडपणा मुळीच नाही. बाटली खाली ठेवायला हवी होती, हे त्या मुलीने आयुष्यभर स्वतःलाच ऐकवलेले असणार.

‘देवावर तुमचा विश्वास आहे का?’ हा निवड समितीचा प्रश्न रास्त होता का?

हा प्रश्न समितीवरील पामर जॉस (मॅथ्यू मॅककोनाही) विचारतो. तो धर्मचिंतक आहे, राष्ट्राध्यक्ष त्याचा सल्ला घेतात, आणि एलीवर त्याचे प्रेम आहे. एली उत्तर देते, की वैज्ञानिक म्हणून ती अनुभवसिद्ध पुराव्यावर विसंबते आणि या बाबतीत कोणत्याही बाजूने विदा (डेटा) उपलब्ध नाही. जगातील ९५ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या परमशक्तीला मानतात, त्या सगळ्यांना भ्रम झाला आहे असे समजणारी व्यक्ती त्यांची प्रतिनिधी कशी होईल, असा समितीचा सूर लागतो आणि तिची निवड हुकते. तिचा वरिष्ठ सहकारी डेव्हिड ड्रमलिन समितीला जे ऐकायचे आहे ते नीट ओळखून आपल्या भाषणात श्रद्धेचा उल्लेख पेरतो आणि निवडला जातो.

प्रश्न रास्त होता की नाही, याची दोन उत्तरे आहेत. प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने पाहिले तर तो अगदीच गैरलागू म्हणता येत नाही; ज्यांच्या वतीने कोणी बोलणार आहे त्यांच्या मनातील सर्वांत मोठी गोष्ट त्या व्यक्तीला परकी असावी का, असे विचारण्याचा हक्क लोकांना आहे. परंतु समितीने प्रश्न विचारला श्रद्धेविषयी आणि बक्षीस दिले श्रद्धेच्या देखाव्याला. खरे उत्तर देणारी मागे राहिली आणि सोयीचे उत्तर देणारा पुढे गेला. जॉसच्या प्रश्नामागे खाजगी कारण होते, हेही विसरू नये. तिला गमावण्याची भीती वाटली म्हणून आपण तसे वागलो, अशी कबुली तो पुढे तिला देतो. ज्या माणसाला चित्रपट श्रद्धेचा प्रामाणिक प्रतिनिधी म्हणून उभा करतो, त्यानेच श्रद्धेचा प्रश्न स्वार्थासाठी वापरला, ही गोष्ट मला पटकथेतील सर्वांत धीट गोष्ट वाटते. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

‘ऑकमचा वस्तरा’ म्हणजे काय आणि त्याचा उल्लेख दोनदा का येतो?

एखाद्या घटनेची अनेक स्पष्टीकरणे संभवत असतील तर विनाकारण जास्तीच्या गोष्टी गृहीत न धरणारे, म्हणजे सर्वांत साधे स्पष्टीकरण आधी विचारात घ्यावे, हे ते तत्त्व. चित्रपटाच्या पूर्वार्धात एली हाच वस्तरा जॉससमोर परजते : सर्वशक्तिमान देवाने विश्व निर्माण केले आणि स्वतःचा पुरावा मात्र कुठेच ठेवला नाही हे अधिक संभवनीय, की एकटे वाटू नये म्हणून माणसानेच देव निर्माण केला हे अधिक संभवनीय? उत्तरार्धातील चौकशीत किट्झ हा अधिकारी तोच वस्तरा तिच्या गळ्याशी आणतो : कृमिविवरातून, म्हणजे अवकाशातील दोन दूरच्या जागा जोडणाऱ्या भुयारातून प्रवास, पुरावा न ठेवणारे परग्रहवासी आणि मृत वडिलांची भेट हे सगळे खरे मानायचे, की एलीच्या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या अब्जाधीशाने मरण्यापूर्वी घडवलेला हा प्रचंड बनाव होता असे मानायचे?

हे तत्त्व ज्याच्या नावाने ओळखले जाते तो ऑकमचा विल्यम चौदाव्या शतकातील फ्रान्सिस्कन पंथाचा साधू होता. देवाविरुद्ध चालवल्या जाणाऱ्या हत्यारावर मठाचीच मुद्रा असावी, ही गंमत चित्रपट बोलून दाखवत नाही.

शेवटी एली श्रद्धाळू होते, असे म्हणायचे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा घाईने ‘हो’ असे दिले जाते. सुरुवातीला जॉस पुराव्याविना आपला अनुभव सांगतो आणि एली त्याला खोडून काढते; शेवटी एली पुराव्याविना आपला अनुभव सांगते आणि जग तिला खोडून काढते. मांडणी इतकी आरशासारखी आहे, की दोघेही एकाच जागी पोहोचले असे वाटणे साहजिक आहे.

पण चौकशीच्या दृश्यातील तिचे शब्द नीट ऐकावेत. हा सगळा भास असू शकेल का, या प्रश्नावर ती ‘हो, शक्य आहे’ असे म्हणते. आपल्यापाशी पुरावा नाही हे ती मान्य करते. चौकशी करणाऱ्यांच्या जागी आपण असतो तर आपणही असाच संशय घेतला असता, हेही ती मान्य करते. मग साक्ष मागे का घेत नाही, असे विचारल्यावर मात्र ती म्हणते, की ते तिला शक्य नाही.

आपल्याकडील प्रमाणविचाराच्या, म्हणजे ज्ञान खरे कशावरून मानायचे या विचाराच्या, भाषेत हे फार स्वच्छ मांडता येते. एलीला जे घडले ते तिच्यापुरते प्रत्यक्ष आहे. तेच इतरांपर्यंत पोहोचते तेव्हा ते शब्दप्रमाण होते, आणि शब्द प्रमाण मानायचा तर बोलणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह जाणकार, ठरावा लागतो. न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले. चार्वाकांनी प्रत्यक्षाखेरीज काहीच मानले नाही. चौकशी समिती त्या दिवशी चार्वाकांच्या बाकावर बसलेली आहे, आणि एरवी तिथेच बसणारी एली साक्षीदाराच्या खुर्चीत आहे.

म्हणून ती श्रद्धाळू झाली असे मला म्हणवत नाही. श्रद्धाळू माणूस आपल्या प्रचितीबद्दल सहसा ‘मला भास झाला असेल’ असे म्हणत नाही, आणि म्हणालाच तर त्याला ती कसोटी वाटते, उत्तर नव्हे. एली अनुभव सोडत नाही आणि त्याबद्दलची शंकाही सोडत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हातात धरणे फार अवघड असते, आणि जोडी फॉस्टर यांच्या चेहऱ्यावर ती ओढाताण दिसते. त्यानंतर बाहेर येऊन जॉस पत्रकारांना सांगतो, की त्याचा मार्ग तिच्याहून वेगळा असला तरी दोघेही सत्याच्याच शोधात आहेत आणि त्याचा तिच्यावर विश्वास आहे. इथे मराठीचा एक फायदा होतो. आपल्याला ‘श्रद्धा’ आणि ‘विश्वास’ हे दोन वेगळे शब्द उपलब्ध आहेत. जॉस तिच्यावर विश्वास ठेवतो, कारण तो तिला ओळखतो. तिच्यावर श्रद्धा ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

मग त्या अठरा तासांच्या चित्रफितीचे काय?

चौकशी संपल्यावर रेचल कॉन्स्टंटाइन ही राष्ट्राध्यक्षांची सहकारी किट्झला विचारते, की एलीच्या डोक्यावरील कॅमेऱ्याने फक्त खरखर टिपली हे खरे, पण ती खरखर सुमारे अठरा तासांची का आहे? कुपी तर क्षणभरच पडत होती.

हे दृश्य म्हणजे पटकथेने केलेली लबाडी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तोपर्यंत प्रेक्षक खरोखर पेचात असतो. पुराव्याविना या बाईवर विश्वास ठेवायचा का, हे त्याला स्वतःलाच ठरवायचे असते. त्या एका संवादाने चित्रपट त्याच्या हातात पुरावा ठेवतो आणि पेच सोडवून टाकतो. आता एली खरे बोलते हे प्रेक्षकाला कळते, सरकारलाही कळते. कळत नाही ते फक्त तिला. श्रद्धेचा प्रश्न बाजूला पडून दडपलेल्या कागदपत्रांची गोष्ट सुरू होते. विज्ञानाच्या बाजूने पाहिले तर मात्र हेच दृश्य दिलासा देणारे आहे : घटना खरी असेल तर तिची खूण कुठेतरी सापडतेच, शोधणाऱ्याने खरखरीची लांबीसुद्धा मोजली पाहिजे. दिग्दर्शकाला दोन्ही पक्षांना खूश करायचे होते आणि त्यासाठी हा उपाय होता, एवढेच म्हणता येईल.

‘तुझे वडिलांवर प्रेम होते हे सिद्ध कर’ हा जॉसचा युक्तिवाद टिकतो का?

एली देवाचा पुरावा मागते तेव्हा जॉस तिला असे म्हणतो. प्रसंग म्हणून तो अप्रतिम आहे, पण युक्तिवाद म्हणून कच्चा आहे. प्रेमाचे पुरावे असतातच : जिन्यावरून धावलेली मुलगी हाच एक पुरावा आहे. प्रेम गणिती सिद्धतेने दाखवता येत नाही हे खरे, पण माणसाच्या वागण्यावरून त्याचे अनुमान करता येते आणि ते चुकले तर दुरुस्तही करता येते. शिवाय ‘माझे प्रेम आहे’ हे विधान माझ्या मनाविषयी आहे, तर ‘देव आहे’ हे विधान जगाविषयी आहे. दोहोंना एकच माप लावता येत नाही. एली त्या क्षणी निरुत्तर होते ती युक्तिवादाच्या बळामुळे नव्हे, तर वडिलांचे नाव निघाल्यामुळे.

कादंबरी आणि चित्रपट यांत या विषयापुरता काय फरक आहे?

फरक मोठा आहे. कादंबरीत यंत्रातून एकटी एली जात नाही. पाच जण जातात, आणि त्यांत देवी सुखावती ही भारतीय शास्त्रज्ञही आहे. पाच साक्षीदारांनी एकच हकीकत सांगणे आणि एकट्या व्यक्तीने ती सांगणे यांत किती अंतर आहे, हे कोणत्याही न्यायालयात विचारावे. चित्रपटाने माणसे कमी करून एलीला मुद्दाम एकटे पाडले.

त्याहून महत्त्वाचा फरक शेवटाचा आहे. कादंबरीत एलीला असे सुचवले जाते, की ‘पाय’ या संख्येच्या अंकांत काही दडलेले आहे. संगणक खोल शिरत जातो आणि अकरा-आधारी संख्यापद्धतीत, फार दूरच्या अंकांत, केवळ शून्ये आणि एक यांची एक ओळ सापडते. ती चौकोनात मांडली की वर्तुळाचे चित्र उमटते. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर असलेल्या संख्येच्या पोटातच वर्तुळ, म्हणजे जणू विश्व घडवणाऱ्याची सही. (प्रत्यक्षातील ‘पाय’मध्ये असे काही सापडलेले नाही, ही कल्पना सेगन यांची.) थोडक्यात, कादंबरी निर्मात्याचाही पुरावाच मागते आणि तो गणितात शोधते, जिथे कोणताही अभ्यासक तो पडताळून पाहू शकेल. चित्रपटाने हे सारे गाळून व्यक्तिगत अनुभवाला मध्यभागी आणले. ज्यांना चित्रपट श्रद्धेकडे झुकलेला वाटतो त्यांनी कादंबरी वाचावी. तिथे सेगन श्रद्धेलाही प्रयोगशाळेत बोलावतात.

सेगन नास्तिक होते का?

तसे ते स्वतःला म्हणवत नसत. देव नाही हे ठामपणे म्हणायलाही पुरावा लागेल, अशी त्यांची भूमिका होती, आणि एलीच्या समितीपुढील उत्तरात तीच ऐकू येते. १९८५ साली ग्लासगो येथे त्यांनी गिफर्ड व्याख्याने दिली. ही व्याख्यानमाला निसर्गाच्या आधारे ईश्वरविषयक विचार करण्यासाठीच चालवली जाते.

चित्रपटातील धार्मिक माणसे एकांगी रंगवली आहेत का?

जॉस सोडला तर बऱ्याच अंशी होय. स्फोट घडवणारा जोसेफ हा विखारी प्रवचनकार आणि रिचर्ड रँक हा राजकारणात मुरलेला धर्मनेता ही दोन्ही पात्रे ठशातून काढल्यासारखी आहेत. मात्र त्याच न्यायाने वैज्ञानिकही धुतल्या तांदळासारखे नाहीत. जो ड्रमलिन एलीच्या संशोधनाचा पैसा बंद करतो, तोच संकेत सापडल्यावर पत्रकार परिषदेत तिच्यापुढे जाऊन उभा राहतो.

चित्रपटातील विज्ञान कितपत खरे आहे?

परग्रह-चित्रपटांच्या मानाने पुष्कळच. ‘व्हेरी लार्ज अ‍ॅरे’ खरी आहे. प्रत्येकी २५ मीटर व्यासाच्या २७ तबकड्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात मांडलेल्या आहेत. तशीच वाय आकाराची मांडणी पाहायची असेल तर मराठी वाचकाला अमेरिकेला जावे लागत नाही : नारायणगावजवळ खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे ‘जीएमआरटी’, हा प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांचा समूह आहे. चित्रपटाच्या आरंभी दिसणारी पोर्तो रिकोतील आरेसिबोची ३०५ मीटर व्यासाची दुर्बीण मात्र १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली.

कृमिविवराची कल्पनाही हवेतली नाही. कादंबरी लिहिताना सेगन यांनी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांचा सल्ला घेतला. कृष्णविवरातून प्रवास जमणार नाही, कृमिविवर घ्यावे, असे थॉर्न यांनी सुचवले आणि त्याच विचारातून १९८८ साली मायकेल मॉरिस यांच्यासह एक गंभीर शोधनिबंधही लिहिला. कादंबरीमुळे भौतिकशास्त्राला विषय मिळाल्याची अशी उदाहरणे थोडीच असतील.

काळाचा हिशेबही जुळतो. संकेतात परत आलेले चित्रण १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या उद्घाटनाचे आहे. चित्रपटानुसार वेगा २६ प्रकाशवर्षे दूर, म्हणजे जायला २६ आणि यायला २६ वर्षे धरून १९८८नंतर ते केव्हाही येऊ शकते. कानाला हेडफोन लावून आकाश ऐकणे ही मात्र दिग्दर्शकाची सोय आहे, ते काम संगणक करतात. आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन चित्रपटात जे बोलताना दिसतात ते मुळात ऑगस्ट १९९६मध्ये मंगळावरून आलेल्या एका अशनीविषयी बोलले होते. ते चित्रण असे वापरल्याबद्दल व्हाइट हाउसने नाराजी व्यक्त केली होती.

खरोखरच असा संकेत आला तर वैज्ञानिक लगेच विश्वास ठेवतील का?

नाही, आणि इथेच चित्रपटापेक्षा वास्तव अधिक रंजक आहे. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल यांना दर १.३३ सेकंदांनी येणारे अत्यंत नियमित ठोके सापडले. त्यांना अर्ध्या थट्टेने ‘छोटी हिरवी माणसे’ असे नाव दिले गेले. तो निघाला पल्सार, फिरणारा न्यूट्रॉन तारा. ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीला काही विचित्र संकेत वर्षानुवर्षे छळत होते; ते तिथल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार वेळेआधी उघडल्यामुळे उमटत होते, हे २०१५ साली उघड झाले. भाकरी गरम होण्याची वाट न पाहणाऱ्या माणसाचा परग्रहवासी होतो तो असा.

म्हणूनच दुसऱ्या दुर्बिणीने तोच संकेत स्वतंत्रपणे टिपल्याखेरीज कोणी तोंड उघडत नाही. चित्रपटातही एली सर्वांत आधी ऑस्ट्रेलियाला फोन करते, आणि मला ते दृश्य शेवटच्या चौकशीपेक्षाही महत्त्वाचे वाटते. वैज्ञानिक पद्धत म्हणजे काय, तर आनंदाने हात थरथरत असताना दुसऱ्याला फोन करून ‘तुला दिसते का बघ’ असे म्हणणे.

हॉलिवूडच्या इतर चित्रपटांत हा विषय कसा येतो?

१९५१च्या ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’मधील परग्रहवासी क्लाटू ‘कार्पेंटर’ म्हणजे सुतार हे नाव घेतो, मारला जातो आणि पुन्हा उठतो. ख्रिस्ताची छाया उघड आहे. पण यंत्राने माणूस जिवंत करावा हे तेव्हाच्या नियमनकर्त्यांना रुचले नाही, आणि जीवनमरणाची खरी सत्ता सर्वशक्तिमान आत्म्याकडेच आहे, असे वाक्य क्लाटूच्या तोंडी घालावे लागले. २००२च्या ‘साइन्स’मध्ये पत्नीच्या अपघाती मृत्यूनंतर धर्मगुरुपद सोडलेला माणूस परग्रहवासीयांच्या हल्ल्यातून श्रद्धेकडे परततो. तिथे सगळे योगायोग, म्हणजे मुलाचा दमा, मुलीने अर्धवट टाकलेले पाण्याचे पेले आणि पत्नीचे शेवटचे शब्द, शेवटी नेमके उपयोगी पडतात. पटकथाकाराने पेरलेले योगायोग देवाच्या योजनेचा पुरावा म्हणून दाखवणे मला फारसे पटत नाही.

१९७७च्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’चा उल्लेख वेगळ्या कारणासाठी करायला हवा. त्यात धरमशाला म्हणून दाखवलेल्या ठिकाणी शेकडो भाविक बसून आकाशातून ऐकलेले सूर गात असतात. हे सूर कुठून आले, असे शास्त्रज्ञ विचारतो आणि सगळा जमाव एकदम बोटे वर करतो. हे दृश्य हिमाचलात नव्हे, आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात चित्रित झाले. त्या क्षणी प्रश्न विचारणारा फ्रेंच शास्त्रज्ञ आणि बोट दाखवणारे भाविक एकाच दिशेला पाहत असतात.

भारतीय चित्रपटांत हा वाद आहे का?

आहे, पण त्याचा चेहरा वेगळा आहे. सत्यजित राय यांनी १९६७च्या सुमारास लिहिलेल्या आणि कधीच न बनलेल्या ‘द एलियन’च्या पटकथेत बंगालमधील एका खेड्याच्या तळ्यात यान उतरते, आणि पाण्यातून वर आलेला त्याचा भाग पाहून गावकरी ते जमिनीतून उगवलेले देऊळ समजून पूजा सुरू करतात. हा चित्रपट झाला असता तर आजची ही प्रश्नावली बहुधा त्याच्याच नावाने लिहावी लागली असती.

२००३च्या ‘कोई... मिल गया’मधील शास्त्रज्ञ अंतराळात ‘ॐ’चे सूर पाठवतो आणि त्यालाच उत्तर मिळते. ‘कॉन्टॅक्ट’मध्ये मूळ संख्या, इथे ओंकार, विज्ञान आणि श्रद्धा यांत भांडण आहे याची त्या चित्रपटाला दादच नाही. मूळ नागपूरचे असलेल्या राजकुमार हिरानी यांच्या २०१४च्या ‘पीके’मध्ये परग्रहवासी स्वतःच देवाला शोधत फिरतो, ‘लापता’ म्हणून देवांच्या चित्रांचे कागद वाटतो आणि देवळाबाहेर चपलांना कुलूप लावतो. त्याचा रोख देवावर नाही, मध्यस्थांवर आहे. संतांच्या अभंगांवर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला ही टीका नवी नव्हती. नवीन होते ते टीकाकाराचे गाव.

परग्रहावर बुद्धिमान जीव सापडले तर धर्म कोसळतील का?

चित्रपटांत तसे गृहीत धरले जाते खरे. जोर्डानो ब्रूनोला १६०० साली रोममध्ये जाळण्यात आले, तेव्हा त्याच्यावर ठेवलेल्या अनेक आरोपांत असंख्य जगे असल्याच्या मताचाही समावेश होता. पण २००८ साली व्हॅटिकनच्या वेधशाळेचे तत्कालीन संचालक होसे गाब्रिएल फ्युनेस यांनी एका मुलाखतीत परग्रहवासीयांना बंधू मानायला धर्माची आडकाठी नसल्याचे सांगितले. आपल्याकडे तर दत्तसंप्रदायाच्या जयजयकारातच ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ असे म्हटले जाते. ब्रह्मांडे अनंतकोटी मानणाऱ्याला आणखी एक वस्ती सापडल्याने धक्का बसण्याचे कारण नाही. अवघड प्रश्न वेगळाच आहे, आणि तो ‘कॉन्टॅक्ट’मधील परग्रहवासी सहज बोलून जातो : हे प्रवासाचे जाळे आम्ही बांधलेले नाही, कोणी बांधले ते आम्हालाही माहीत नाही, आम्ही आलो तेव्हा ते निघून गेलेले होते. म्हणजे तेही आपल्यासारखेच कोणाची तरी वाट पाहत आहेत.

चित्रपट गटाने पाहून चर्चा करायची असेल तर कशी करावी?

मी तरुण मुलांच्या गटाला हा चित्रपट दाखवतो तेव्हा चौकशीचे दृश्य संपताच, अठरा तासांचा संवाद येण्याआधी, तो थांबवतो आणि हात वर करायला सांगतो : तुम्ही समितीत असता तर एलीवर विश्वास ठेवला असता का? बहुतेक हात वर जातात. मग विचारतो, की तुमच्या शेजारच्या काकूंनी अगदी असाच अनुभव सांगितला असता तर? हात भराभर खाली येतात. एका वेळी मागच्या रांगेतील मुलीने एकदाही हात वर केला नाही. कारण विचारल्यावर ती म्हणाली, की सर, आपण एलीबरोबर तिथे जाऊन आलो, समिती कुठे गेली होती? त्यानंतर मी चित्रपट पुढे सुरू केला.